शाळेतला भूकंपमापक: रोज रात्री सव्वादोनला काय हलतं?

पाटीपेन्सिल

मंडळी, कराड तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. नववीच्या पोरांना घेऊन दीडेक वर्षापूर्वी एक भूकंपमापक उभा केला. फार थोर काही नाही. उभ्या पारदर्शक नळीत स्टीलची स्लिंकी टांगलेली (जिन्यावरून पायरी-पायरीने उतरते ती खेळण्यातली स्प्रिंग), तिच्या टोकाला चुंबक आणि चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. जमीन हलली की नळी आणि वेटोळं तिच्याबरोबर हलतात, चुंबक मात्र आळशासारखा जागेवर राहू बघतो. त्यातून जी इवलीशी वीज तयार होते ती अँप्लिफायरमधून आर्डुइनोत (विजेचे आकडे करणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि तिथून जुन्या कॉम्प्युटरवर जाते. पडद्यावर दिवसाच्या चोवीस ओळी, दर तासाला एक.

चुंबक एकदा हलला की नाचतच राहील, म्हणून खाली तांब्याच्या पाइपचा तुकडा आणि त्यात आणखी एक चुंबक आहे. लेन्झचा नियम (चुंबक हलल्याने धातूत तयार होणारी वीज त्याच हालचालीला अडवते) पोरांना पुस्तकातून कधीच पटला नव्हता, इथे बोटाला पटला. चुंबक खाली ओढून सोडला की मधात बुडल्यासारखा परत येतो, एकदाच किंचित पुढे जातो आणि थांबतो. तसा थांबला नाही तर पट्टीवर दिसणारा भूकंप आपल्या स्प्रिंगचाच असतो.

जागेची गंमत वेगळीच. आधी यंत्र वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेच्या टेबलावर होतं. दोन महिने आम्ही मधली सुट्टी, घंटा आणि सातवी ब चा तास एवढंच नोंदवलं. मग खाली जिन्याखालच्या अडगळीत नेलं. तिथली शहाबादी फरशी पोकळ वाजत होती. ती उचकटून खाली मुरूम लागेपर्यंत खणलं आणि सिमेंटचा ठोकळा ओतला. तेव्हापासून रेघ शांत.

२८ मार्च २०२५ ला, शुक्रवारी, म्यानमारचा ७.७ चा भूकंप मिळाला. तिकडे आपल्या वेळेने ११.५० ला झाला, आमच्याकडे पी लहर (सगळ्यात वेगवान, आधी पोचते ती) ११.५५ च्या पुढे आली, एस (तिच्या मागून येणारी, कमी वेगाची) त्यानंतर जवळजवळ चार मिनिटांनी. बारा वाजता पोरं डबे विसरून पडद्यासमोर बसली होती.

आता खरा प्रश्न. गेले पंधरा दिवस रात्री दोन ते अडीचच्या दरम्यान, बहुतेकदा सव्वादोनला, एक ठिपका उठतो. दीड-दोन मिनिटांचा, दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगलेला. पोरं म्हणतात कोयना. मला खात्री नाही. कुणी सांगेल का?

खोडरबर

रात्री सव्वादोनला आमचे सासरे पाणी प्यायला उठतात. पण आम्ही ठाण्यात राहतो, एवढ्या लांब जात नसावं.

घाटमाथा

बाई, आधी अभिनंदन. मुरूम लागेपर्यंत खणणारे लोक कमी. निम्मे लोक काळ्या मातीवर ठोकळा ठेवतात आणि पावसाळ्यात माती फुगली की यंत्र तिरकं का झालं म्हणून विचारतात.

माझ्याकडे पुण्यात रास्पबेरी शेक (घरी ठेवायचा छोटा तयार भूकंपमापक) आहे, चार वर्षं चालू. तुमच्या ठिपक्याचं वर्णन वाचून एकच विचारतो. तुमच्याकडे गळीत हंगाम चालू आहे ना? शाळा रस्त्याला लागून आहे ना?

ऊसाचा ट्रॅक्टर जसा येतो तसाच जातो. लांबून हळूहळू वाढतो, शाळेसमोर सगळ्यात मोठा, मग हळूहळू कमी. म्हणून दोन्ही टोकं सारखी निमुळती. भूकंप असा येत नाही. तो दार आपटल्यासारखा येतो आणि जाताना आपल्याकडच्या पाहुण्यासारखा उंबऱ्यात उभा राहून बोलत बसतो. सुरुवात धारदार आणि शेपूट लांब. आकाराची डावी बाजू बघा, नव्वद टक्के उत्तर तिथेच असतं.

पाटीपेन्सिल

घाटमाथा, तुमच्या तोंडात साखर (आमच्याच कारखान्याची). शिपाईमामांना दोन रात्री वही दिली. त्यांनी जाणाऱ्या जड गाड्यांच्या वेळा लिहिल्या. पडद्यावर सहा ठिपके होते, पाच वहीशी जुळले. सहाव्याच्या वेळी मामांना डोळा लागला होता, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय.

शाळेसमोर गतिरोधक आहे. ठिपक्याचा मधला भाग मोठा करून बघितला तर त्यात तीन ठोके वेगळे दिसतात: ट्रॅक्टर, पहिली ट्रॉली, दुसरी ट्रॉली. पोरांनी आता ठोक्यांच्या उंचीवरून ट्रॉली भरलेली की रिकामी ते ओळखायचा खेळ सुरू केलाय.

अर्धा_कप

म्हणजे एवढा खटाटोप करून ट्रॅक्टर मोजायचे? सरकारी केंद्रं आहेत की त्या कामाला. भूकंप व्हायच्या आधी तुमचं यंत्र सांगणार आहे का? नाही ना? मग उपयोग काय?

घाटमाथा

आधी सांगत नाही, कुठलंच यंत्र सांगत नाही. अर्धा_कप, तापमापक तरी उद्याचा ताप कुठे सांगतो?

आणि ट्रॅक्टर मोजणं कमी समजू नका. २०२० च्या टाळेबंदीत जगभरच्या भूकंपमापकांवर माणसांचा खडखडाट कमी झालेला स्पष्ट दिसला होता, काही ठिकाणी निम्म्यावर आला. त्यावर रीतसर संशोधन झालं आणि त्यात शाळकरी आणि हौशी यंत्रांच्या नोंदीही होत्या. माझ्या घरची रेघ गणपतीत सगळ्यात जाड असते. विसर्जनाच्या रात्री ढोलपथक गल्लीत वळलं की मी कॉम्प्युटरसमोरून उठतो, बघण्यासारखं काही उरत नाही.

वाशिष्ठी

नमस्कार. चिपळूण. फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मी स्लिंकीवाला नाही, फाटकवाला आहे. :)

एक शंका. स्लिंकीचा झोका किती सेकंदांचा बसतो तुमचा? मी आधी उभीच स्प्रिंग करून बघितली होती. स्प्रिंग वजनाने २५ सेंटीमीटर ताणली तर एक सेकंदाचा झोका मिळतो. दोन सेकंदांचा पाहिजे तर एक मीटर ताण. लांबच्या भूकंपाच्या पृष्ठीय लहरी (जमिनीच्या पृष्ठभागालगत येणाऱ्या संथ लहरी) वीस सेकंदांच्या असतात, त्यासाठी हिशेब केला तर १०० मीटर लांब ताण आला. तेवढी उंची कुतुबमिनारालाही नाही. मग नाद सोडला.

फाटकाचं तत्त्व सोपं. आडवा दांडा, टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला बिजागरी. बिजागरी अगदी ओळंब्यात असेल तर फाटक कुठेही थांबतं. किंचित, अगदी केसभर पुढे कलवली तर फाटक मध्यावर परत येतं, पण सावकाश. जुन्या वाड्यांची दारं आपोआप लागतात ना, तसं. मी स्क्रू फिरवत फिरवत चौदा सेकंदांपर्यंत नेलंय. पंधराला गेलं की फाटक एका बाजूला जाऊन पडतं, मग अर्धा दिवस वाया.

पाटीपेन्सिल

आमचा जेमतेम एक सेकंदाचा. म्हणून म्यानमारची पी छान आली, पण नंतरच्या मोठ्या संथ लहरी असायला हव्या होत्या त्यापेक्षा बारीक दिसल्या. आता कारण कळलं.

त्याच नोंदीवर एक चूकही कबूल करते. मी वर्गात "एस वजा पी, गुणिले आठ" असं शिकवलं होतं. पी सेकंदाला साधारण सहा किलोमीटर जाते, एस साडेतीन, त्यामुळे दोघींमध्ये पडलेल्या प्रत्येक सेकंदामागे आठ किलोमीटर अंतर. पोरांनी म्यानमारला तोच हिशेब लावला. २३० सेकंद गुणिले आठ म्हणजे १८४० किलोमीटर. नकाशावर मोजलं तर २३०० च्या पुढे. "बाई, साडेचारशे किलोमीटर कुठे गेले?"

घाटमाथा

आठचा पाढा घरच्या भूकंपाला. लांबच्या लहरी कवचातून सरळ येत नाहीत, खाली प्रावरणात (कवचाखालच्या थरात) उतरून कमान घेऊन येतात आणि तिथे दोघीही जास्त वेगाने धावतात. त्यामुळे तेवढ्याच सेकंदांच्या फरकात जास्त अंतर मावतं. दोनशे-तीनशे किलोमीटरच्या पुढे प्रवासकाळाचा आलेख (किती अंतराला कुठली लहर किती वेळात पोचते तो) वापरायचा. ६ फेब्रुवारी २०२३ च्या तुर्कस्तानच्या भूकंपात पुण्यापर्यंतचं अंतर चार हजारांवर होतं आणि पीला यायला सव्वासात मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सहाच्या वेगाने आली असती तर साडेअकरा लागली असती.

कोयनाकाठ

धागा वाचतोय. आम्ही पाटण तालुक्यातले. ११ डिसेंबर १९६७ ला मी सात वर्षांचा होतो. पहाटे चार एकवीसची वेळ. मला हलल्याचं आठवत नाही, आवाज आठवतो. जमिनीतून लोखंडी गाडा ओढत नेल्यासारखा. वडिलांनी मला पोत्यासारखं उचलून अंगणात टाकलं. त्यानंतर मोठी माणसं एकमेकांना एकच विचारत होती: धरण आहे का गेलं? कुणीतरी उंचावर जाऊन पाण्याची चाहूल घेत होतं. धरण राहिलं, पण घरं गेली, माणसं गेली.

त्यानंतर आमच्याकडे लहान धक्क्याला कुणी उठत नाही. भांडी वाजली तर म्हणतात, "हललं जरा."

एक विचारायचं होतं. नातू म्हणतो इंटरनेटवर कोयनेची तारीख १० डिसेंबर दिसते. आम्ही तर ११ च म्हणत आलो.

लातूरकर

काका, नातूही बरोबर आणि तुम्हीही. जगाच्या याद्या ग्रीनिचच्या वेळेवर असतात, आपण साडेपाच तास पुढे. आपल्या पहाटे ४.२१ ला तिकडे आदल्या रात्रीचे १०.५१ वाजलेले असतात.

किल्लारीचंही तेच. आमच्यासाठी ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. यादीत मात्र २९ सप्टेंबर लिहिलेलं असतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा पारा चढला होता, आमची तारीखसुद्धा धड लिहीत नाहीत म्हणून.

घाटमाथा

शाळेच्या यंत्रावर सगळ्यात जास्त घोळ यानेच होतो. पडद्यावरची वेळ ग्रीनिचची आहे की आपली, हे यंत्राच्या खोक्यावर खडूने लिहून ठेवा.

कोयनाकाठ काकांसाठी आणखी एक. त्या पहाटे धरणाच्या आतच एक त्वरणमापक बसवलेला होता आणि त्याने धक्का नीट नोंदवला. गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पटीहून जास्त त्वरण आलं. काँक्रीटच्या धरणांचा भूकंपासाठी अभ्यास करणारे जगभरचे अभियंते आजही ती पट्टी वापरतात. कोयना हे नाव त्यांना पाठ असतं, पाटण कुठे आहे हे ठाऊक नसतं.

अर्धा_कप

मग धरणामुळेच भूकंप होतात हे खरं ना?

घाटमाथा

"मुळेच" मधला च काढा. खडकात ताण आधीपासून साठलेला असतो. पाण्याचं वजन आणि भेगांमध्ये मुरणारा पाण्याचा दाब त्याला निमित्त देतो. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, १९६२ पासून भरायला लागला आणि पाठोपाठ धक्के सुरू झाले, वारणेचं धरण १९८५ पासून भरायला लागलं आणि पुढे धक्क्यांचा पट्टा दक्षिणेला सरकला. याच अभ्यासासाठी कोयना भागातल्या गोठण्याला ३ किलोमीटर खोल भोक पाडलं. वरचा सव्वा किलोमीटरच्या आसपास आपला काळा कातळ, खाली ग्रॅनाइट. त्याची प्रयोगशाळा हजारमाचीला आहे, बाईंच्या तालुक्यातच. इथे थांबतो, नाहीतर धागा धरणावर जाईल.

पाटीपेन्सिल

मिळाला!!! परवा रात्री एक वाजून काही मिनिटांनी. डावी बाजू सुरी मारल्यासारखी, उजवीकडे मिनिटभराची शेपटी. पी आणि एस मध्ये ५.८ सेकंद. म्हणजे ४६ किलोमीटर. घाटमाथा, वाशिष्ठी, तुमच्याकडे काही आहे का? वेळ मात्र माझी धरू नका. कॉम्प्युटरचं घड्याळ ४० सेकंद मागे निघालं, नेट बंद होतं आठवडाभर.

घाटमाथा

आहे. रात्रीची वेळ म्हणून वाचलं, दिवसा पुण्याच्या खडखडाटात बुडालं असतं. एस वजा पी १८.४. म्हणजे १४७ किलोमीटर.

घड्याळाची काळजी करू नका. एस वजा पी मध्ये दोन्ही वेळा त्याच घड्याळाच्या असतात, ४० सेकंदांची चूक वजाबाकीत कटते. म्हणून तर शाळांनी याच पद्धतीने सुरुवात करावी.

वाशिष्ठी

माझ्या फाटकावर पण आहे. ४ सेकंद. ३२ किलोमीटर.

पाटीपेन्सिल

पोरांनी नकाशा काढला, एक सेंटीमीटरला दहा किलोमीटर. कंपासने आमचं ४६ चं वर्तुळ आणि चिपळूणचं ३२ चं. दोन्ही वर्तुळं एकमेकांना जेमतेम शिवली आणि शिवली कुठे? कोयनानगरला! वर्गात जो आरडाओरडा झाला तो यंत्रावर नोंदलेला आहे.

मग पुण्याचं वर्तुळ काढलं. ते कोयनानगरच्या पंचवीसेक किलोमीटर खालून गेलं. पोरं म्हणाली, पुण्याच्या काकांचं चुकलं असेल, शहरात गोंगाट फार. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

घाटमाथा

चुकलंही असेल. पण मी तीनदा मोजलंय. कोयनानगर असतं तर मला पंधराच्या आसपास यायला हवं. तीन सेकंदांची चूक होणार नाही माझ्या हातून, सुरुवात स्वच्छ आहे. वाशिष्ठी, तुमची पट्टी मोठी करून टाका बघू इथे. पीच्या आधीचे दहा सेकंदसुद्धा.

वाशिष्ठी

टाकली. आधी फक्त रेघ आहे हो, नेहमीची लाट. समुद्र जवळ आहे, सहा-सात सेकंदांची लाट कायम असते आमच्याकडे, पावसाळ्यात तर झोपाळाच.

घाटमाथा

तीच लाट चाळणीतून काढा. एक सेकंदाहून संथ असलेलं सगळं बाजूला करा आणि पुन्हा बघा.

तुमचं फाटक आडवं हलतं. पी लहर खालून वर येते, जमीन मुख्यतः वर-खाली हलवते, म्हणून फाटकाला ती कमी जाणवते. एस आडवी हलवते, ती फाटकावर मोठी येते. बाईंच्या स्लिंकीचं उलट आहे, तिला पी ठसठशीत आणि एस पीच्याच शेपटीत दडलेली. तुम्ही पीची पहिली टिकली बघितली नसणार, दुसरी-तिसरी धरली असणार.

वाशिष्ठी

काका, पाया पडतो. लाट काढल्यावर दीड सेकंद आधी एक बारीक थरथर आहे. मुंगीएवढी. एस वजा पी ५.५. म्हणजे ४४ किलोमीटर.

पाटीपेन्सिल

आज पुन्हा नकाशा घेतला. ४६ आणि ४४ ची वर्तुळं आता दोन ठिकाणी छेदतात. एक छेद साताऱ्याच्या जवळ, दुसरा वारणा खोऱ्यात. पुण्याहून साताऱ्याकडचा छेद शंभर किलोमीटरवर आहे, वारणेकडचा १४७ वर. म्हणजे ज्या पुण्याच्या वर्तुळाला आम्ही चुकीचं ठरवलं होतं, त्यानेच निकाल लावला. तिन्ही रेघा अगदी एका बिंदूत नाहीत, मध्ये हरभऱ्याएवढा त्रिकोण उरतो. आठचा आकडा ढोबळ आहे आणि भूकंप जमिनीवर नाही, काही किलोमीटर खाली होतो, त्यामुळे वर्तुळं थोडी मोठी पडतात, असं मी सांगितलं. बरोबर ना?

एका मुलीने विचारलं, जुनं ३२ चं वर्तुळ खोडू का? राहू दे म्हटलं. ते पेन्सिलीत आहे, नवं शाईत.

घाटमाथा

बरोबर. हरभरा म्हणजे छानच आलं, माझा पहिला त्रिकोण बटाट्याएवढा होता.

कोयनाकाठ

त्या रात्री आमच्याकडे भांडी वाजली होती. बायको म्हणाली हललं जरा.

पाटीपेन्सिल

काका, साधारण किती वेळ वाजली? पोरांना शेपटीच्या लांबीवरून भूकंपाची प्रत (तो किती मोठा होता तो आकडा) काढायचीय. सरकारी यादीतल्या प्रती आणि आमच्या पट्टीवरचे सेकंद असा तक्ता करतोय. दहा-बारा नोंदी जमल्या की आमच्या यंत्राचं स्वतःचं सूत्र बसेल. तोवर कुणी "रिश्टर स्केलवर किती" विचारलं तर सांगत नाही. मागे एका पाहुण्यांनी रिश्टर स्केल दाखवा म्हणून यंत्राभोवती फेरी मारली होती, त्यांना वाटलं वजनकाट्यासारखं काहीतरी असेल.

कोयनाकाठ

फळीवरच्या वाट्या होत्या. तीन-चार सेकंद. पुढच्या वेळी उठून घड्याळ बघेन.

अर्धा_कप

बरं, ती स्लिंकी कुठे मिळते? भाचीसाठी विचारतोय. ऑनलाइन रंगीत प्लॅस्टिकची दिसतेय, स्वस्त आहे, चालेल का?

वाशिष्ठी

प्लॅस्टिकची नको. टांगून ठेवली की भाराने हळूहळू ताणत जाते, महिन्याभरात चुंबक तळाला टेकतो. स्टीलचीच घ्या. आणि नळीचं वरचं तोंड बंद करा. माझ्या पहिल्या यंत्रात पाल शिरली होती, दोन दिवस मी ती नोंद अरबी समुद्रातला भूकंप म्हणून सगळ्यांना दाखवत होतो.